पुढच्या सीटवरचं इंग्रजी

तुम्ही इंग्रजी कुणाला घाबरून शिकलात?

कुठे शिकलात, हे मी विचारत नाही. ते सगळेच फुशारकीने सांगतात, शाळेच्या नावासकट. मी विचारतेय, बोलायला तोंड उघडलं की डोळ्यांसमोर कुणाचा चेहरा यायचा? वर्गातल्या बाईंचा? व्हिसाच्या काचेमागच्या माणसाचा? की हीथ्रोवर पासपोर्ट उलटसुलट करून बघणाऱ्या त्या ऑफिसरचा?

दरवर्षी जून आला की हा प्रश्न पुन्हा माझी पाठ धरतो. लंडनच्या हॅरो भागातल्या शाळांची मैदानं कापायला घेतात, ओल्या गवताचा वास रस्त्यावर येतो, निम्म्या मुलांची नाकं वाहायला लागतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये एकेकटी टेबलं मांडली जातात. माझ्या सगळ्या परीक्षा आता संपल्या. ईलिंगच्या एका कॉलेजात मी संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवते, म्हणजे आता घाबरवणारी मी आहे. तरी कापलेल्या गवताचा वास आला की माझे तळहात गार पडतात. ते माझ्या परीक्षांमुळे नाही. आईच्या परीक्षेमुळे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी तेरा वर्षांची होते. आमच्या घरात दोन झोपायच्या खोल्या होत्या आणि एक खोली कपाटाएवढी. त्या कपाटाएवढ्या खोलीत बाबांचं सायक्लोस्टाइल मशीन होतं. बाबा मिनीकॅब चालवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. जातीवर, विहारातल्या वर्गणीवर, सरकारने माणशी लावलेल्या पोल टॅक्सवर, लग्नातल्या मानपानावर. माझ्या वयाच्या इतर मराठी मुली आजीच्या गोष्टींतून मराठी शिकल्या. मी शाई सुकायच्या आत कागदाच्या घड्या घालताना शिकले. मला सलग वाचता आलेलं पहिलं वाक्य होतं, 'मान वर करा.' त्यामुळे शाळेत माझा मांजरीवरचा निबंधसुद्धा एखादी मागणी करून संपायचा.

बाबांच्या गाडीत पुढच्या सीटवर पत्रकांचा गठ्ठा असायचा. ब्रेक मारला की तो घसरतो म्हणून बाबा त्याला सीटबेल्ट लावायचे. गिऱ्हाईक मागे बसायचं. आई आणि मीही मागेच बसायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

आई एका वृद्धाश्रमाच्या तळघरात, लाँड्रीत काम करायची. या देशात येऊन तिला आठ वर्षं झाली होती आणि तिच्याजवळ इंग्रजीचे चार शब्द होते: यस, नो, थँक्यू, सॉरी. त्यातला सॉरी सगळ्यात जास्त झिजलेला. बसमध्ये दुसऱ्याने तिच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तीच म्हणायची. बाकीचं इंग्रजी म्हणजे मी. डॉक्टरकडे तिच्या शरीराबद्दल मी बोलायचे, आणि त्यातले काही शब्द मला दोन्ही भाषांत माहीत नव्हते. मी जमिनीकडे बघायचे, आई छताकडे, डॉक्टर घड्याळाकडे. शाळेत पालकसभेलाही मीच मध्ये. माझ्याबद्दलच्या तक्रारी मीच तिला मराठीत सांगायच्या, आणि पत्रकांवर वाढले असल्यामुळे मी त्या खऱ्या सांगायचे.

त्या वर्षी मे महिन्यात वृद्धाश्रमात नोटीस लागली. जुलैपासून कपडे बाहेर धुवायला जाणार, लाँड्री बंद. तिथल्या बायकांना हवं असेल तर वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याच्या कामावर घेऊ. पण त्याआधी मेट्रन प्रत्येकीशी बोलणार. बोलता आलं तर वर. नाही तर घरी. आईने ती नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मग कणीक मळायला घेतली. इतका वेळ मळली की त्या दिवशीच्या पोळ्या चिवट झाल्या.

केरी त्याच महिन्यात आमच्याकडे राहायला आली. लंडनच्या शाळांना तेव्हा शिक्षक मिळत नव्हते. आज इथे, उद्या तिथे असं बदलीवर शिकवायला ऑस्ट्रेलियातून तरुण मुलं-मुली येत. केरी त्यातलीच, सव्वीसेक वर्षांची, नाकावर कातडी सोललेली. मागची खोली तिला भाड्याने दिली आणि माझं अंथरूण मशीनच्या शेजारी गेलं. बाबा तिला स्टेशनवर आणायला गेले. तिने थेट पुढचं दार उघडलं, गठ्ठ्याचा बेल्ट सोडला, गठ्ठा मांडीवर घेतला आणि बाबांच्या शेजारी बसली.

"मला वाटलं लुटायला आली," बाबा जेवताना मला म्हणाले. "विचार तिला, मागे का नाही बसली."

मी विचारलं. केरीला प्रश्नच कळेना. "माणूस एकटा पुढे बसलाय आणि आपण मागे जाऊन बसायचं? आमच्याकडे तो उद्धटपणा. म्हणजे, तू माझा नोकर, असं झालं ते."

बाबांचा घास हातातच राहिला. ज्या माणसाच्या आजोबांना गावात बैलगाडीच्या मागून चालत जावं लागलं होतं, त्याला कुणीतरी सहज, आमटी ओरपता ओरपता सांगत होतं की शेजारी न बसणं हा अपमान असतो. जेवण झाल्यावर मशीनची घरघर सुरू झाली. 'ज्या देशात प्रवासी चालकाच्या शेजारी बसतो' अशी पत्रकाची सुरुवात होती. मी ते केरीला इंग्रजीत वाचून दाखवलं तेव्हा ती ओशाळली. बाबांना म्हणाली, "हे छापू नकोस, मेट. माझ्या गावातल्या पबमध्ये तिथल्या मूळच्या काळ्या लोकांना आत घेत नव्हते. जमीन त्यांचीच होती आणि खिडकीतून बाटली घ्यायची. ती पुढची सीट सगळ्यांना नाही." बाबांनी तो सगळा गठ्ठा फुकट घालवला आणि तिचं म्हणणं घालून पत्रक पुन्हा छापलं. त्या दिवसापासून ते तिला आपलं माणूस म्हणून 'जयभीम' घालायला लागले. ती उत्तर द्यायची, "गुड्डे, मेट." मेट म्हणजे दोस्त, आणि तिला सगळेच मेट.

केरीने आईला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुझं नाव काय?"

आई माझ्याकडे बघायला लागली. एवढं तर तिला समजत होतं. पण तिचं नाव कुणी घेतच नव्हतं. घरी ती 'अगं', माझी 'आई', कामावर 'लव्ह' नाही तर 'यू'. "शांता," ती म्हणाली, आणि वर सवयीने, "सॉरी."

"नावाचं सॉरी कशाला?" केरी म्हणाली आणि तिथल्या तिथे नियम केला. स्वयंपाकघरात सॉरी म्हटलं की एक कांदा जास्त चिरायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या घराला कायम कांद्याचा वास होता. कांद्याची भजी, कांद्याची भाजी, कांदेपोहे. बाबा म्हणायचे, "अगं, आज जरा कमी चुका कर, पोट बिघडलंय."

पुस्तक नव्हतं. हातात काम असताना बोलायचं, एवढीच केरीची पद्धत. भांडी विसळता विसळता ती आईला विचारायची, "दुपारी काय केलंस?" पण तिच्या तोंडी दुपार ही आर्वो होती, नाश्ता ब्रेकी, आणि जमणारी-न जमणारी प्रत्येक गोष्ट नो वरीज. संध्याकाळी टीव्हीवर ऑस्ट्रेलियाची एक मालिका लागायची, शाळा सुटल्यावर अख्खा देश ती बघायचा. आई कपड्यांच्या घड्या घालत बघायची. तिथली घरं तिला पटायची: मागचं दार सताड उघडं, शेजारी न विचारता आत, आणि पोरगी बापाच्या तोंडावर सांगतेय की हे बरोबर नाही. "आणि कुणी मरत नाही बघ," आई मला म्हणायची. केरी वैतागायची, "आमच्याकडे इतकं गोरंगोमटं कुणी नसतं गं." पण आईने त्या मालिकेतून आवाज उचलला. वाक्याचं शेपूट वर उचलायचं, जणू प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याला विचारून बघायचं. आईच्या आतल्या धास्तीला तो सूर बरोबर बसला.

मला मात्र घाम फुटत होता. कारण केरी तेव्हा माझ्याच शाळेत बदलीवर होती आणि तिथे काय चाललंय ते मला दिसत होतं. केरी फळ्याकडे वळली की मागची मुलं कांगारूसारखी उड्या मारायची. ती गोरी, शिकलेली, तिची मातृभाषा इंग्रजी. तरी तिचं इंग्रजी या देशात चेष्टेचा विषय होतं. मग माझ्या आईचं काय होणार? बाहेरून आलेल्या बाईने बाहेरून आलेल्या बाईकडून उचललेलं इंग्रजी. ती मेट्रनला 'मेट' म्हणाली तर? रात्री मशीनशेजारी पडल्या पडल्या मी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणायचे आणि पांघरूण तोंडावर ओढायचे.

बाबांचीही झोप उडाली होती. त्यांच्या मते इंग्रजी एकच: दिवाणखान्यातल्या फोटोत निळ्या सुटात, हातात जाड पुस्तक घेऊन उभे असलेल्या बॅरिस्टरांचं. "तुझं आर्वो-बिर्वो स्वयंपाकघरात ठेव," ते आईला म्हणाले. "तिथे भारदस्त बोलायचं." आणि त्यांनी उत्तरं पाठ करून घ्यायला सुरुवात केली. आई ओट्याला टेकून उभी, बाबा समोर खुर्चीत मेट्रन होऊन बसलेले.

"तुम्हाला हे काम का हवंय?" बाबांनी मेट्रनच्या आवाजात विचारलं.

"आय हम्बली बेग टू स्टेट," आईने सुरू केलं, "दॅट आय अॅम अ पुअर वुमन अँड शॅल एव्हर रिमेन ओबिडियंट…"

केरी दारात उभी होती. चहाचा कप हातात. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "ती भीक का मागतेय?"

"भीक नाही," बाबा म्हणाले. "शुद्ध इंग्रजी आहे. अर्ज असाच करतात. आम्हाला शाळेत हेच शिकवलं."

"शुद्ध असेल, मेट. पण तू त्या कागदांवर रोज लिहितोस ना, मान वर करा म्हणून? हिने मला अर्थ सांगितलाय." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग इंग्रजी आलं की खाली का घालतोस?"

स्वयंपाकघरात नळ टपकत होता तेवढाच आवाज. मला वाटलं आता बाबा ओरडतील, केरी बॅग भरेल, आईचं सगळं मोडेल. बाबा उठले आणि मशीनच्या खोलीत गेले. घरघर काही सुरू झाली नाही.

मी पुढे कित्येकदा बाबांच्या त्या 'हम्बली बेग'वर विचार केला आहे. बाबांनी ते कुणाकडून चोरलं नव्हतं. आमच्या कितीतरी आज्या-आजोबांच्या हातात इंग्रजी पहिल्यांदा आलं ते अर्ज म्हणून आलं. शाळेत घ्या, विहिरीवर येऊ द्या, नोकरीत ठेवा. मराठीत आम्ही मोर्चे काढले, घोषणा दिल्या, नव्या कविता लिहिल्या. इंग्रजीत मात्र अजून कचेरीच्या दाराबाहेर टोपी काढून उभे होतो. ज्या माणसाने मला ताठ उभं राहायला शिकवलं तो माणूस एका भाषेत वाकलेला होता, आणि त्याला ते दिसत नव्हतं, कारण ती भाषा त्याला उंच वाटत होती. राग बाबांचा करायचा की त्या मास्तरांचा, की त्या मास्तरांना ते शिकवणाऱ्यांचा? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ज्या इंग्रजीत आपल्याला वाकावं लागतं ते कितीही शुद्ध असलं तरी आपलं नव्हे, एवढं मी त्या नळाच्या आवाजात शिकले.

बाबा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता. "मग काय म्हणायचं हिने?" त्यांनी आईलाच विचारलं.

"अहो, मी बोलेन तेव्हा बघू," आई म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी ऊन होतं आणि वृद्धाश्रमाच्या बाहेर माळी गवत कापत होता. आईने निळी साडी नेसली होती, वर कार्डिगन. बाबांनी आम्हाला दारात सोडलं. आम्ही मागून उतरलो. माझी तयारी झाली होती. मेट्रन काय विचारेल, ते मी मराठीत कसं सांगेन, आई चुकली तर कुठे सावरेन.

मेट्रनने दार उघडलं आणि मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. "अरे वा, मुलीला आणलंत. ती मदत करेल."

मी पाऊल उचललं. आईने माझ्या दंडाला हात लावला. "शी वेट हिअर," ती मेट्रनला म्हणाली. मग मला मराठीत, हळूच, "बस तू. हात नको चोळूस." आणि दार लागलं.

कॉरिडॉरमध्ये उकडलेल्या कोबीचा आणि फरशीच्या पॉलिशचा वास होता. समोरच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. तिला मी नावाने नाही, पण आईने केलेल्या वर्णनावरून, गोष्टीने ओळखत होते. आई धुतलेले कपडे वर द्यायला यायची तेव्हा ही म्हातारी आपला स्वेटर आईच्या हातातून घ्यायची नाही. "नॉट यू," म्हणायची. आईने स्वेटर खुर्चीवर ठेवायचा आणि मागे सरायचं, मग ती उचलणार. आईने ही गोष्ट घरी सांगितली त्या रात्री बाबांचं मशीन फार वेळ चाललं होतं. हे वाळीत टाकणं आम्ही समुद्रापलीकडे सोडून आलो, अशी आमची समजूत होती. आता ती म्हातारी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि दोघींच्या मध्ये ते बंद दार.

आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मेट्रनचा आवाज. शांतता. पुन्हा मेट्रन. पुन्हा शांतता, लांब. मग हसणं.

मोठ्याने हसणं. एकापेक्षा जास्त माणसांचं.

मी उठले कधी ते मला कळलं नाही. माझा हात दाराच्या मुठीवर होता. वर्गातली कांगारू होणारी मुलं, बसमधले सॉरी, 'ओबिडियंट', सगळं त्या हसण्यात होतं. माझी आई आत एकटी उभी आहे आणि ते तिला हसतायत. मी मूठ दाबणार, तेवढ्यात आईचा आवाज आला. थांबला नाही. पुढे जात राहिला, वाक्याचं शेपूट वर उचलत, मग आणखी एक वाक्य, मग आणखी. इतकं लांब इंग्रजी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यात माझी कुठेच जागा नव्हती.

मी मूठ सोडली आणि खुर्चीवर जाऊन बसले. म्हातारी म्हणाली, "दॅट युवर मम?" मी मान हलवली. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

बाहेर बाबा गाडीत वाट बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आई चालत गेली आणि मागच्या दारापाशी थांबली. मग पुढचं दार उघडलं, बेल्ट सोडला, पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि बसली. मी एकटी मागे.

बाबांनी गठ्ठ्याकडे बघितलं, मग आईकडे. "काय झालं?"

"आर्वोला फोन करणार."

"म्हणजे दुपारी?"

"मी काय वेगळं म्हटलं?" आई म्हणाली. "गाडी काढा."

दुपारी फोन वाजला तेव्हा आम्ही तिघं तिथेच होतो आणि केरी जिन्यावर. घरातला फोन आई कधीच उचलत नसे. ती मला हाक मारायची. त्या दिवशी तिने उचलला. ऐकत राहिली. "यस," म्हणाली. "यस. मंडे." आणि शेवटी, शेपूट वर उचलून, "नो वरीज." फोन ठेवून ती कांदे चिरायला गेली. एकही सॉरी म्हटलेला नसताना तिने चार कांदे चिरले, म्हणून डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणी विचारलं नाही.

केरी पानगळीत परत गेली. आई वरच्या मजल्यावर अजून काम करते. त्या म्हातारीने शेवटी स्वेटर आईच्या हातून घेतला की नाही, हे मी विचारलं तर आई म्हणते, "कधी घ्यायची, कधी नाही. थकली होती बिचारी." पण त्या हसण्याबद्दल मी विचारू शकत नव्हते. दहा वर्षं ते माझ्या पोटात राहिलं. गेल्या महिन्यात, पुन्हा गवत कापायला लागले तेव्हा, मी विचारलंच.

"कोण हसलं होतं?" आई आठवत म्हणाली. "हो की. मीच आधी हसले. ती म्हणाली, हे काम का हवंय, आणि माझ्या जिभेवर तुझ्या बाबांचं हम्बली बेग आलं. मग केरीचा चेहरा आठवला. आवरेचना मला. मला बघून मेट्रन आणि तिच्याशेजारी बसून लिहून घेणारी बाई, त्या दोघीही हसायला लागल्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, वर एक बाई मला घाबरते. मी तिला घाबरत नाही. मला थोडा वेळ द्या, एवढंच."

काल संध्याकाळी माझ्या वर्गात एक बाई आली. सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी, दहाएक वर्षांची. मी बाईंना नाव विचारलं आणि उत्तर मुलीने दिलं. मुलगी हात चोळत होती. मी तिला बाहेरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती गेली, पण काचेतून बघत राहिली, आणि आत कुणी हसतंय का हेच ती ऐकत होती, ते मला माहीत होतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती वाचून बाजूला ठेवायची नाही. तुमच्याही घरात कुणीतरी आहे, आई, सासू, नुकतीच आलेली वहिनी, जिचं इंग्रजी म्हणून तुम्ही सगळीकडे जाता. पुढच्या वेळी डॉक्टरकडे, कौन्सिलला, शाळेत, तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवून न्या. दारापर्यंत जा. आत तिला एकटीला जाऊ द्या, तिच्याजवळ जे काही इंग्रजी आहे ते घेऊन, मग ते कुठल्याही देशाचं असो. तुम्ही बाहेर खुर्चीवर बसा. आणि आतून हसण्याचा आवाज आला, तरी उठू नका.